डान्स बारवर छापा पडला तर गिऱ्हाइकाचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात डान्स बारवरच्या छाप्याची बातमी आली की तिची शेवटची ओळ ठरलेली असते: "मालक, व्यवस्थापक, वेटर आणि इतके ग्राहक यांच्यावर गुन्हा दाखल." त्या ग्राहकांपैकी कुणी ऑफिसच्या पार्टीला आलेला असतो, कुणी मित्राच्या आग्रहाने, कुणी स्वतःच्या आवडीने. पुढे काय होणार याची बहुतेकांना कल्पना नसते. त्या रात्री आणि कोर्टाच्या पहिल्या तारखेला ते घाबरून जे करतात, तेच त्यांना छाप्यापेक्षा महाग पडतं. म्हणून ही प्रश्नोत्तरं.

नुसतं डान्स बारमध्ये बसणं हा गुन्हा आहे का?

नाही. परवाना असलेल्या ठिकाणी जाऊन बसणं, जेवणं, पिणं, गाणं ऐकणं, नाच पाहणं यासाठी प्रेक्षकाला शिक्षा सांगणारं कलम नाही. मुंबई उच्च न्यायालयाने एकाहून अधिक प्रकरणांत गिऱ्हाइकांविरुद्धचे गुन्हे याच कारणाने रद्द केले आहेत. आरोपी छाप्याच्या वेळी तिथे हजर होता एवढंच कागदावर आहे, त्याने स्वतः काय केलं हे कुठेच नाही, तर खटला चालवायचा कशाच्या आधारावर, असा न्यायालयाचा सवाल असतो.

दोन अपवाद मात्र लक्षात ठेवा. ठिकाणाला दारूचा परवानाच नसेल, तर महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचं कलम ८४ लागू शकतं. विनापरवाना गुत्त्यात दारू पिण्यासाठी हजर असणं हाच तिथे गुन्हा आहे, आणि तुम्ही त्यासाठीच आला होतात असं कायदा गृहीत धरतो. तसं नव्हतं, हे तुम्हाला दाखवावं लागतं. दुसरा अपवाद जुगाराचा. मागच्या खोलीत पत्त्यांचा अड्डा चालू असेल आणि तुम्ही तिथे सापडलात, तर जुगार प्रतिबंधक कायद्यातही असंच गृहीतक आहे. रस्त्याकडेच्या एखाद्या ढाब्यात "आत प्रोग्राम आहे" म्हणून कुणी नेत असेल, तर आधी दारूचा परवाना भिंतीवर लावलेला दिसतो का ते पाहा.

मग पोलीस गिऱ्हाइकांना गाडीत घालून का नेतात?

छाप्याच्या वेळी कोण काय करत होतं हे वेगळं करायला वेळ नसतो, आणि आकडा मोठा दिसला की कारवाई मोठी दिसते. मुंबईत असे छापे बहुधा गुन्हे शाखेची समाजसेवा शाखा टाकते, इतरत्र स्थानिक पोलीस ठाणं किंवा आयुक्तालयाचं पथक. आधी एखादा बनावट ग्राहक आत पाठवतात. तो खूण करतो, मग पथक आत येतं, दिवे लागतात, गाणं थांबतं आणि सगळ्यांना जागेवर बसवतात. फिर्यादीत नंतर एकच वाक्य सगळ्यांना लावलेलं असतं: "हजर ग्राहक अश्लील हावभाव करणाऱ्या महिलांना प्रोत्साहन देत होते." प्रत्येकाने नेमकं काय केलं हे त्यात नसतं. पुढे खटला टिकत नाही तो इथेच, पण तो टिकत नाही हे सिद्ध व्हायला महिने, कधी वर्षं जातात.

डान्स बार महाराष्ट्रात कायदेशीर आहेत की बंद?

कायद्याने बंद नाहीत, पण अटींमध्ये बांधलेले आहेत. २००५ मध्ये आर. आर. पाटील गृहमंत्री असताना मुंबई पोलीस कायद्यात ३३अ आणि ३३ब ही कलमं घालून बंदी आली. तारांकित हॉटेलांना तिच्यातून सूट होती. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. बड्या हॉटेलात जे चालतं ते साध्या बारमध्ये अनैतिक कसं होतं, हा त्या निकालाचा गाभा. त्या खटल्यात बंदीमुळे रोजगार गेलेल्या महिलांचा आकडा सुमारे ७५,००० सांगितला गेला. त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न या सगळ्या वादात कायम शेवटच्या बाकावर राहिला, आणि मला ते आजही टोचतं.

२०१४ मध्ये विधिमंडळाने पुन्हा दुरुस्ती केली, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. मग आला २०१६ चा कायदा. हॉटेलं, उपाहारगृहं आणि मद्यपान कक्षांतल्या अश्लील नृत्याला प्रतिबंध आणि तिथे काम करणाऱ्या महिलांच्या प्रतिष्ठेचं संरक्षण, हा त्याचा विषय. आज छापा पडतो तो बहुतेक वेळा या कायद्याखाली. १७ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या बऱ्याच जाचक अटी काढून टाकल्या: शाळा आणि धार्मिक स्थळांपासून एक किलोमीटर अंतर, नाचाच्या जागी सीसीटीव्ही, दारूची खोली आणि नाचाची खोली वेगळी. संध्याकाळी ६ ते रात्री ११.३० ही वेळ मात्र कायम ठेवली. नोटा उधळण्यावरची बंदीही कायम ठेवली.

बोर्डावर "ऑर्केस्ट्रा बार" लिहिलेलं असतं. तो वेगळा प्रकार आहे का?

कागदावर वेगळा आहे. ऑर्केस्ट्राचा परवाना १९६० च्या सार्वजनिक करमणुकीच्या नियमांखाली मिळतो. त्यात गायक आणि वादक मंचावर गाणार, बस्स. नाचाचा परवाना नसतो. पूर्वी मंचावर चार पुरुष आणि चारच महिला अशी अट होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती स्त्री-पुरुष वाटणी रद्द केली. एकूण आठची मर्यादा राहिली, पण त्या आठही महिला असू शकतात.

गडबड अशी की परवाना ऑर्केस्ट्राचा आणि मंचावर नाच, असं अनेक ठिकाणी चालतं. आठऐवजी वीस महिला असतात. छापा आला की जास्तीच्या महिलांना लपवायला जागा केलेल्या असतात. डिसेंबर २०२१ मध्ये अंधेरीतल्या एका बारमध्ये मेकअपच्या खोलीतल्या आरशामागे तळघर सापडलं आणि त्यातून १७ महिला बाहेर काढल्या गेल्या. ही परवान्याची फसवणूक मालकाची, गिऱ्हाइकाची नव्हे. आत किती जणींना परवानगी आहे हे टेबलावर बसलेल्याला कसं कळणार? पण पोलीस एकाच फिर्यादीत दोघांना बांधतात.

गिऱ्हाइकाने नेमकं काय केलं की गुन्हा होतो?

२०१६ च्या कायद्याचं कलम ८(४) वाचा, कारण गिऱ्हाइकाला थेट लागू होणारं कलम तेच. नोटा, नाणी किंवा पैशात बदलता येईल अशी वस्तू मंचावर फेकणं किंवा उधळणं, तिथे काम करणाऱ्या बाईशी गैरवर्तन करणं, तिच्या अंगाला हात लावणं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

नोटा उधळणं, म्हणजे दौलतजादा, तमाशाच्या फडापासून ओळखीची चीज आहे. त्यामुळे यात वावगं काय, असं पुष्कळांना वाटतं. पण २०१९ च्या निकालानंतर यावर शंकेला जागा उरलेली नाही. उधळण बंद, टिप चालते. टिप बिलातच लावली पाहिजे ही अट न्यायालयाने रद्द केली, त्यामुळे बक्षीस हातात देता येतं. मात्र हातात देणं म्हणजे हातात देणं. कपड्यात खोचणं, गळ्यात नोटांचा हार घालणं, नोट देताना मनगट धरणं, हे सगळं दुसऱ्या बाजूला जातं. कुणी "साहेब, दहा हजारांच्या शंभर-शंभरच्या नोटा आणून देतो" म्हणाला, तर तो तुम्हाला गुन्ह्याचं साहित्यच पुरवतोय. पंचनाम्यात त्याच नोटा मंचावरून जप्त दाखवल्या जातात.

अंगाला हात लावण्याचं प्रकरण ८(४) वर थांबत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७४, विनयभंगाचं, लागू शकतं. त्यात किमान एक वर्ष ते पाच वर्षं कैद आहे आणि ते अजामीनपात्र आहे. लैंगिक छळाचं कलम ७५ आणि शब्दाने किंवा हावभावाने अपमान करण्याचं ७९ आहेच. ती बारमध्ये नाचते म्हणून तिची संमती गृहीत धरता येते, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. तिथे तिचं शरीर तिचंच असतं. हा भाग मी वकिली सावधगिरी म्हणून लिहीत नाही. तो तसाच असायला हवा असं मला वाटतं.

"अश्लील नृत्य" कशाला म्हणायचं?

२०१६ च्या कायद्यात व्याख्या आहे: प्रेक्षकांची कामवासना चाळवणं एवढाच ज्याचा हेतू आहे आणि ज्यात लैंगिक कृती, लैंगिक आमंत्रणाचे हावभाव किंवा नग्नता आहे, असा नाच. परदेशात स्ट्रिप क्लब म्हणून जे चालतं त्याला भारतात परवाना मिळूच शकत नाही. कुणी असा "खास शो" सांगून नेत असेल, तर ती जागा आधीपासूनच बेकायदा आहे असं समजा.

पण तोकडे कपडे म्हणजे अश्लीलता नव्हे. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे उमरेड भागातल्या एका रिसॉर्टचं प्रकरण होतं. आखूड कपड्यातल्या महिला नाचत होत्या, समोर बसलेले काही जण पैसे उधळत होते, पोलिसांनी फिर्याद नोंदवली. सिनेमात आणि सौंदर्यस्पर्धेत असे कपडे समाज रोज पाहतो, तेव्हा एका पोलीस अधिकाऱ्याला ते अश्लील वाटले एवढ्याने गुन्हा होत नाही, असं म्हणून खंडपीठाने पाच जणांवरचा गुन्हा रद्द केला. पैसे उधळणाऱ्यांनी मात्र या निकालावर विसंबू नये. तिथे २०१६ च्या कायद्याचं ८(४) नव्हतं, जुनं कलम २९४ आणि पोलीस कायद्याची कलमं होती.

कलम २९४ किंवा २९६ लावलंय म्हणतात. ते काय आहे?

सार्वजनिक जागी अश्लील कृत्य. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनेला भारतीय दंड संहितेचं २९४, नंतरच्या घटनेला न्याय संहितेचं २९६. जास्तीत जास्त तीन महिने कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. जामीनपात्र.

यात एक घटक आहे ज्यावर बहुतेक फिर्यादी अडखळतात. त्या कृत्याने इतर कुणाला तरी त्रास व्हायला हवा. २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कॅबरेच्या प्रकरणात हेच सांगितलं. स्वतःहून पैसे मोजून नाच पाहायला आलेला माणूस "मला त्रास झाला" असं कसं म्हणणार? फिर्यादीत एकाही साक्षीदाराने त्रास झाल्याचं सांगितलेलं नसेल, तर तुमच्या वकिलाचं पहिलं बोट तिथे जायला हवं.

पोलीस आत आले. त्या क्षणी काय करावं?

बसून राहा. मागच्या दाराने पळणं, स्वयंपाकघरातून गच्चीवर जाणं, वेटरच्या घोळक्यात मिसळणं यातून फक्त संशय वाढतो, आणि पडून पाय मोडणारेही असतात. हातात नोटांची चळत असेल तर ती टेबलाखाली टाकू नका, खिशात असलेले पैसे खिशातच असू द्या. नाव आणि पत्ता खरा सांगा. खोटं नाव सांगणं हा वेगळा गुन्हा होतो आणि आधारकार्ड निघालं की लगेच उघडा पडतो.

वाद घालू नका, पोलिसाच्या अंगावर तर मुळीच जाऊ नका. "मला ओळखत नाही का" या एका वाक्यापायी साधं प्रकरण सरकारी कामात अडथळ्यापर्यंत गेलेलं अनेकांनी पाहिलंय. आणि तिथल्या महिलांचं चित्रीकरण करू नका. त्यांच्यातल्या कित्येकींच्या घरी त्या काय काम करतात हे माहीत नसतं. तुमच्या मोबाइलमधला तो व्हिडिओ दुसऱ्या दिवशी गावाकडच्या ग्रुपवर फिरतो.

बिल भरलं असेल तर पावती जपून ठेवा. तिच्यावरची वेळ पुढे उपयोगी पडते: तुम्ही किती वाजता आलात, काय घेतलंत, नाचाची वेळ संपली होती का. सीसीटीव्ही असेल तर तो तुमच्या बाजूचाही साक्षीदार आहे. वकिलाला लगेच लेखी मागणी करायला सांगा, कारण अशी चित्रफीत काही दिवसांत पुसली जाते. झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करणं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (पूर्वीची फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १०५ नुसार पोलिसांवर बंधनकारक आहे. तेही मागा.

पोलीस ठाण्यात कागदांवर सही मागतात. करावी का?

कागद कुठला आहे ते आधी वाचा. अटक पंचनाम्यावर किंवा नोटीस मिळाल्याबद्दल सही करायला हरकत नाही, वेळ आणि तारीख स्वतःच्या अक्षरात घाला. जबाबाचं वेगळं आहे. तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही घेता येत नाही, असं कायदाच सांगतो. कोऱ्या कागदावर, अर्धवट भरलेल्या छापील नमुन्यावर किंवा "मी पैसे उधळत होतो, माझी चूक झाली" अशा माफीपत्रावर सही करू नका. "हे फक्त रेकॉर्डसाठी आहे" हे वाक्य ऐकलं की पेन खाली ठेवा. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, हा घटनेच्या कलम २०(३) ने दिलेला हक्क आहे आणि तो बारमधून आणलेल्या माणसालाही तितकाच लागू आहे.

अटक करू शकतात का? किती वेळ ठेवू शकतात?

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं. ती नोटीस आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली येते. गिऱ्हाइकांना बऱ्याचदा अशी नोटीस देऊन सोडतात. नोटीस मिळाली तर दिलेल्या तारखेला हजर राहा. न जाणं हे अटकेला कारण होतं. वय ६० च्या वर असेल आणि गुन्हा तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही.

अटक झालीच, तर कारणं लेखी आणि तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सर्व गुन्ह्यांना लागू केलं. नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं, वैद्यकीय तपासणी, वकिलाची भेट, २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करणं, हे सगळं हक्काचं आहे, कुणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नाही. जामीनपात्र कलम असेल तर ठाण्यातच जामीन मिळाला पाहिजे. म्हणून पहिला प्रश्न एकच विचारा: कलमं कोणती लावलीत?

"गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा" असं सगळे सांगतात. ऐकावं का?

थांबा. या पानावर दुसरं काही वाचलं नाहीत तरी चालेल, हे वाचा.

कोर्टात पहिल्या तारखेला गर्दी असते. कुणीतरी हळूच सांगतं की कबूल केलंत तर आजच सुटाल, नाहीतर दर महिन्याला तारखा. आरोपीला घरी जायचं असतं, बायकोला कळायच्या आत संपवायचं असतं. तो मान हलवतो. न्यायाधीश दंड सांगतात, पावती मिळते, माणूस सुटकेचा श्वास सोडतो. पण त्या पावतीचा अर्थ दोषसिद्धी असा आहे. ती मागे राहते. पुढे सरकारी नोकरीच्या अर्जात, परदेशी व्हिसाच्या अर्जात, निवडणुकीच्या शपथपत्रात "कधी दोषी ठरला आहात का" असा प्रश्न येतो, आणि उत्तर "होय" द्यावं लागतं. तेही अशा गुन्ह्यासाठी, जो त्याने केलाच नव्हता.

पोलीस कायद्याच्या ११० आणि ११७ कलमांखाली १,२०० रुपयांपर्यंत दंड होतो. रक्कम किरकोळ म्हणून लोक तोही भरून टाकतात. हा निर्णय रकमेकडे बघून घ्यायचा नसतो. तुम्ही खरोखर गैरवर्तन केलं असेल तर वकिलाशी बोलून शिक्षा कमी कशी होईल ते बघा, कबुली हाही एक मार्ग आहे. पण नुसते बसला होतात, तर कबुली देऊ नका. तारखा परवडतात, दोषसिद्धी परवडत नाही. वकील लावला तर बऱ्याच तारखांना हजेरीतून सूटही मिळते.

गुन्हा रद्द करून घेता येतो का?

येतो. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५२८, म्हणजे पूर्वीचं ४८२, याखाली उच्च न्यायालयात अर्ज करायचा. न्यायालय तीन गोष्टी पाहतं: फिर्यादीत तुमच्या नावापुढे एखादी ठोस कृती आहे का, एखाद्या साक्षीदाराने, विशेषतः तिथल्या महिलांपैकी कुणी, तुमच्याकडे बोट दाखवलंय का, आणि जप्त नोटा तुमच्याकडच्या आहेत का. तिन्हींचं उत्तर नाही असेल तर संधी चांगली आहे.

खर्च मात्र लहान नसतो. एकाच छाप्यातल्या काही जणांनी मिळून एक अर्ज केला तर तो विभागला जातो. पण तुमच्याबरोबर अर्जदार म्हणून कोण येतंय ते बघा. नोटा उधळताना दिसलेला आणि कोपऱ्यात बसून सूप पिणारा, या दोघांची बाजू एक नसते. मुदतीकडेही लक्ष ठेवा. एक वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने एक वर्षाच्या आत घ्यायची असते. पण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ नुसार ही मुदत मोजताना फिर्याद नोंदवल्याची तारीख धरतात, त्यामुळे नुसतं दोषारोपपत्र उशिरा आलं एवढ्याने हा मुद्दा तुमच्या बाजूने जात नाही.

छाप्यात अल्पवयीन मुलगी सापडली किंवा देहव्यापाराचं कलम लागलं तर?

मग वर सांगितलेलं बरंचसं बाजूला ठेवा. प्रकरण पूर्ण वेगळं होतं. पीटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, याच्या कलम ७ मध्ये ठराविक सार्वजनिक जागांजवळ देहव्यापार झाला तर गिऱ्हाईकही शिक्षेला पात्र आहे, आणि मुलगी १८ वर्षांखालची असेल तर किमान शिक्षा सात वर्षं आहे. तस्करी करून आणलेल्या व्यक्तीचं लैंगिक शोषण हे माहीत असून केलं, तर न्याय संहितेचं कलम १४४ आहे, किमान तीन वर्षं. मुलीसाठी पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, आहेच. गिऱ्हाइकाला पीटा किती लागू होतो यावर वेगवेगळ्या उच्च न्यायालयांची मतं जुळत नाहीत, पण अल्पवयीनाच्या बाबतीत पळवाट शोधू नका. "ती मोठी दिसत होती" हे सांगून कुणाची सुटका होईल असं मानू नका, आणि माझ्या मते व्हायलाही नको. एखादी मुलगी लहान वाटली, घाबरलेली वाटली, तर मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, १०९८ वर, फोन करा. नाव सांगायची गरज नाही.

फार्महाऊसवरची बॅचलर पार्टी खासगी असते ना?

खासगी म्हटल्याने सुटका होत नाही. कर्जत, खोपोली, लोणावळ्याच्या बंगल्यांवर नर्तकी बोलावून केलेल्या पार्ट्यांवर छापे पडतात. दारूचा परवाना नसतो, आवाजाची तक्रार शेजारीच करतात. सगळ्यात जास्त अडकतो तो वर्गणी गोळा करणारा, बंगला आपल्या नावावर घेणारा आणि नर्तकींना गाडी पाठवणारा. तो गिऱ्हाईक राहत नाही, आयोजक होतो. २०१६ च्या कायद्यात जागा चालवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा २५ लाखांपर्यंत दंड आहे. पार्टीत कुणी अमली पदार्थ आणला, तर एनडीपीएस कायदा येतो, आणि त्यात नुसतं सेवनही गुन्हा आहे. अशा वेळी अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर व्हावी असं मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. तो वापरा.

गोव्यात तर सगळं चालतं असं म्हणतात.

महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा तिथे नाही, पण न्याय संहिता, पीटा आणि एनडीपीएस सगळीकडे सारखेच आहेत. कळंगुट-बागा भागात पर्यटकाला "क्लब दाखवतो" म्हणून आत नेऊन दार लावायचं आणि अवाच्या सवा बिल वसूल करायचं, हा तिथला खरा धोका आहे. असं झालं तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावा. लाज वाटते म्हणून गप्प बसणाऱ्यांवरच हा धंदा चालतो.

पासपोर्ट, व्हिसा, नोकरी यांचं काय?

नुसती फिर्याद नोंदली गेली म्हणून पासपोर्ट अडत नाही. परराष्ट्र मंत्रालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये स्पष्ट केलंय की तपास चालू असणं म्हणजे न्यायालयात कार्यवाही प्रलंबित असणं नव्हे. दोषारोपपत्राची न्यायालयाने दखल घेतली की मात्र न्यायालयाची परवानगी लागते. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात "कधी अटक झाली आहे का" असं विचारतात, दोषी ठरलात का एवढंच नाही. तिथे खोटं लिहिलंत तर मूळ प्रकरणापेक्षा ते खोटं जड जातं. गुन्हा रद्द झाला असेल तर आदेशाची प्रमाणित प्रत काढून ठेवा. ती आयुष्यभर लागते.

राज्य सरकारी कर्मचारी ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला तर तो आपोआप निलंबित मानला जातो. म्हणून तुमच्यासाठी पहिल्या दिवसाचा जामीन फार महत्त्वाचा. खासगी कंपनीत हा प्रश्न नेमणूकपत्रातल्या अटींवर ठरतो.

"प्रकरण मिटवतो" म्हणून पैसे मागतात. द्यावेत का?

देऊ नका. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार केली पाहिजे, तरच संरक्षण मिळतं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४.

छाप्याच्या बातमीनंतर आठवड्याभरात येणारे फोनही ओळखा. "तुमचा व्हिडिओ आहे", "तुमचं नाव यादीतून काढतो", "व्हॉट्सअॅपवर नोटीस पाठवलीय". जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावलंय की अशी नोटीस व्हॉट्सअॅपवर द्यायची नाही. फोन ठेवा, स्क्रीनशॉट घ्या, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, कळवा.

माझा मुलगा किंवा नवरा ठाण्यात आहे. मी काय करू?

आधी कुठल्या ठाण्यात आहे ते नक्की करा. पथक एका ठिकाणचं आणि गुन्हा दुसऱ्या ठाण्यात, असं होतं. नियंत्रण कक्षाला विचारलं तर सांगतात. त्याची रोजची औषधं, ओळखपत्राची प्रत, जामीनदाराचे कागद घेऊन जा. अंमलदाराकडे गुन्हा क्रमांक आणि कलमं मागा आणि ती वकिलाला कळवा. शक्यतो वकिलाबरोबरच जा.

ठाण्यात त्याच्यावर ओरडू नका. कुठे गेला होता, का गेला, खोटं का बोलला, हे सगळं घरी बोलता येईल, आणि बोलायला हवंही. पण रात्री दोन वाजता त्या बाकड्यावर घरचा आवाज चढला, की तो घाबरून समोर येईल त्या कागदावर सही करतो.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्याच छाप्यात पकडलेल्या महिलांनाही तो हक्क आहे. त्यांच्यासाठी ठाण्यात बहुतेक वेळा कुणीच आलेलं नसतं. जमलं तर तो क्रमांक त्यांच्यापर्यंतही पोचवा.